फॉक्स मस्टँगचा मागचा ॲक्सल: रस्त्यावर आणि ड्रॅग स्ट्रिपवर चालणाऱ्या गाडीसाठी डिफरन्शियल कोणत्या क्रमाने निवडावा

अमेरिकेत मिशिगन-ओहायोकडे बर्फ वितळून ट्रॅक उघडायची वेळ झाली की मेसेज सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "दादा, 8.8 मध्ये स्पूल टाकू का लॉकर?" (8.8 म्हणजे मागचा ॲक्सल, स्पूल आणि लॉकर हे दोन्ही चाकं एकत्र बांधणारे पर्याय.) टायर ठरलेला नसतो, रेशो (मागच्या गिअरचं प्रमाण) ठरलेला नसतो, शाफ्ट किती स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) आहेत हे कुणी पाहिलेलं नसतं. डिफ, म्हणजे डिफरन्शियल, मात्र कार्टमध्ये पडलेला असतो. तो 31 स्प्लाइनचा निघतो, गाडीतले शाफ्ट 28 चे असतात आणि परत पाठवायचा खर्च खिशातून जातो.

डिफ खरं तर शेवटाकडे घ्यायची वस्तू आहे. त्याच्या आधी काय ठरवायचं आणि कोणत्या क्रमाने, ते खाली लिहिलं आहे. उदाहरण म्हणून 1986 ते 1993 ची 5.0 व्ही-8 फॉक्स मस्टँग (फॉक्स हे त्या पिढीच्या सांगाड्याचं नाव) घेतली आहे, कारण इथल्या आपल्या मुलांकडे बहुधा तीच असते. शेव्ही (शेव्हरोले) किंवा मोपार (क्रायस्लर) असेल तर मापं बदलतील, क्रम तोच राहील.

गावाकडच्या गॅरेजात शिकलेल्यांसाठी एवढंच: आपण ज्याला क्राऊन म्हणतो तो इथल्या कॅटलॉगमध्ये रिंग गिअर आहे, त्याला फिरवणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन, आणि 8.8 हा आकडा त्याच क्राऊनचा इंचातला व्यास आहे.

## 1. खरेदीच्या आधी कागदावर लिहा

वहीचं एक पान घ्या आणि हे लिहून काढा:

- ड्रायव्हर आत बसलेला असताना गाडीचं वजन. अंदाज नको, वजनकाट्यावर घालून घ्या.
- गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, पहिल्या गिअरचा रेशो किती, ओव्हरड्राइव्ह आहे की नाही.
- ट्रॅकवर कोणता टायर लावणार, आणि तोच टायर रस्त्यावरही राहणार का.
- पाव मैलात किती सेकंदांचं लक्ष्य आहे. आजचं नाही, पुढच्या दोन वर्षांतलं.
- महिन्याला रस्त्यावर किती मैल, त्यात हायवे किती, पावसात गाडी निघते का.

हॉर्सपॉवरचा आकडा मी या यादीत मुद्दाम घातलेला नाही. का, ते तिसऱ्या टप्प्यात कळेल.

तपासा: वाक्यात "कधीतरी टर्बो लावणार आहे" असं येत असेल तर सेकंदांचं लक्ष्य टर्बोचं लिहा. ॲक्सल दोनदा बांधण्यापेक्षा एकदाच जड बांधलेला स्वस्त पडतो.

## 2. गाडीखाली जाऊन हाऊसिंग ओळखा

"मस्टँगचा रिअर आहे" या एका वाक्यावर लोक जंकयार्डमधून हाऊसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) उचलून आणतात. फॉक्स मस्टँगमध्ये मुख्यतः दोन हाऊसिंग आली. चार आणि सहा सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत 7.5 इंची, आणि 1985 पर्यंतच्या व्ही-8 मध्येही तेच. 8.8 आलं ते 1986 पासूनच्या व्ही-8 मध्ये. दोन्हींच्या कव्हरला दहाच बोल्ट असतात, त्यामुळे बोल्ट मोजून काही कळत नाही. 8.8 चं कव्हर कोपरे कापलेल्या चौकोनासारखं आणि खाली सपाट दिसतं, 7.5 चं लंबगोल.

कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असेल तर ती साफ करून वाचा. 3L73 असं दिसलं तर रेशो 3.73 आणि मधला एल म्हणजे लिमिटेड स्लिप, एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारा डिफ. एल नसेल तर ओपन, म्हणजे साधा. पण गाडी तीस-पस्तीस वर्षांची आहे, आत काय काय बदललं असेल कोण जाणे. पट्टीवर विसंबू नका, कव्हर उघडा. क्राऊनचा व्यास मोजा, क्राऊन आणि पिनियनचे दात मोजा. 41 आणि 11 म्हणजे 3.73, 39 आणि 11 म्हणजे 3.55, 41 आणि 10 म्हणजे 4.10.

कव्हर उघडलंच आहे तर शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइन मोजून घ्या. मूळ मस्टँगमध्ये 28 असतात. फोर्ड एक्सप्लोररच्या 8.8 मध्ये 31 असतात, म्हणून त्याचा ट्रॅक-लॉक (फोर्डचा लिमिटेड स्लिप) डिफ जंकयार्डमधून काढून मस्टँगमध्ये बसवतात, आणि ते शहाणपणाचंही आहे. मात्र एक्सप्लोररचं अख्खं हाऊसिंग तसंच्या तसं बसत नाही. त्याला पानपट्ट्यांच्या स्प्रिंगच्या बैठका आहेत, वरच्या कंट्रोल आर्मचे कान नाहीत, आणि पिनियन मध्यापासून सरकलेला असल्यामुळे दोन शाफ्टची लांबी वेगळी आहे.

सावधान: 1994 ते 98 च्या मस्टँगचे शाफ्ट फॉक्समध्ये टाकले की प्रत्येक चाक सुमारे पाऊण इंच बाहेर येतं. पाच बोल्टांच्या हबसाठी लोक ते घेतात आणि मग टायर फेंडरला घासतो.

7.5 निघालं तर त्यावर एक डॉलरही घालू नका. पूर्ण 8.8 शोधा.

## 3. आधी टायर

या टप्प्याला मी जास्त वेळ देणार आहे, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्स आणि रेशोमधून वाढत ॲक्सलपर्यंत येतो. 5.0 एचओ (हाय आउटपुट) इंजिनचा 300 फूट-पाउंड टॉर्क, टी-5 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.35 आणि मागे 3.73 असे धरले तर गुणाकार येतो सुमारे 3,750 फूट-पाउंड. सी-4 ऑटोमॅटिकचा पहिला 2.46, कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) सुरुवातीला टॉर्क दुप्पट करतो असं समजा, मागे 4.10, तर 6,000 च्या वर. हे आकडे बघून लोक घाबरतात आणि चाळीस स्प्लाइनचे शाफ्ट बघायला लागतात.

पण शाफ्टवर येणारा टॉर्क टायर ज्या टॉर्कला घसरतो त्यापेक्षा फारसा वाढू शकत नाही. टायर घसरला की विषय संपला. सोपा हिशोब करा. सुटताना मागच्या चाकांवर 2,200 पाउंड भार आला असं धरा. रस्त्याचा साधा टायर, घर्षणांक 1, त्रिज्या 13 इंच, म्हणजे दोन्ही शाफ्ट मिळून सुमारे 2,400 फूट-पाउंड. त्याहून जास्त आलं तर धूर निघेल, एवढंच. आता तिथेच 28 इंची ड्रॅग टायर लावा, ट्रॅकवर चिकट लेप आहे आणि घर्षणांक 2 धरा. तोच भार, तेच इंजिन, पण आकडा 5,100 च्या वर जातो. इंजिनाला हातही लावला नाही आणि ॲक्सलवरचा ताण दुपटीहून वाढला. साधा टायर तुमच्या ॲक्सलचा फ्यूज आहे. चिकट टायर लावला की तो फ्यूज काढलात.

म्हणून "माझी गाडी 400 हॉर्सपॉवरची आहे, कोणता ॲक्सल लागेल" या प्रश्नाला उत्तर नाही. 400 हॉर्सपॉवरची साध्या टायरवरची गाडी मूळ ॲक्सलवर वर्षानुवर्षे चालते, आणि तेवढीच ताकद, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि स्लिक (बिनखाचांचा ट्रॅकचा) टायर असलेली गाडी सुटतानाच शाफ्ट पिळून टाकू शकते.

मॅन्युअल गिअरबॉक्सचा मुद्दा वेगळा. क्लच एकदम सोडला की फिरणाऱ्या फ्लायव्हीलची साठलेली ऊर्जा एका झटक्यात ॲक्सलवर येते. वरच्या गुणाकारात हा झटका धरलेलाच नाही. म्हणून कागदावर ऑटोमॅटिकचा आकडा मोठा असूनही तुटलेले शाफ्ट मॅन्युअलवाल्यांच्या हातात जास्त दिसतात. त्यात बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या) स्लिकची बाजूची भिंत सुरकुतते आणि थोडा झटका खाते. ड्रॅग रेडियलची, म्हणजे रेडियल बांधणीच्या चिकट टायरची, भिंत तेवढी दबत नाही, ती झटका पुढे पाठवते. मॅन्युअल आणि ड्रॅग रेडियल ही जोडी ॲक्सलसाठी सगळ्यात वाईट.

तपासा: टायरची उंची स्वतः मोजा किंवा हिशोबाने काढा. 275/60-15 म्हणजे 28 इंच, 255/60-15 म्हणजे 27, आणि 225/55-16 म्हणजे पावणे सव्वीसच्या आसपास. पुढच्या टप्प्यात हाच आकडा लागेल.

## 4. मग रेशो

सूत्र एकच आहे: आरपीएम = मैल प्रति तास × रेशो × 336 ÷ टायरची उंची इंचात. हा आरपीएम गिअरबॉक्स एकास एक गिअरमध्ये असतानाचा. ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याच्या रेशोने पुन्हा गुणा.

समजा पाव मैलाच्या शेवटी गाडी 120 मैलांवर असते. 26 इंची टायरवर 3.73 घेतला तर 5,784 आरपीएम आणि 4.10 घेतला तर 6,358. टायर 28 इंची केला तर 4.10 वरही 5,904 च. म्हणजे 28 इंची टायरवरचा 4.10 हा 26 इंची टायरवरच्या 3.81 इतकाच. "4.10 टाकून गाडी आणखी मंद झाली" अशी तक्रार येते तेव्हा मागे नवे उंच टायर असतात, दुसरं काही नसतं.

शेवटच्या रेषेवर इंजिन जास्तीत जास्त ताकद देतं त्या आरपीएमच्या थोडं वर असावं. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर घसरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आरपीएम सूत्रापेक्षा काही टक्के जास्त येतो. तेवढी जागा ठेवा.

आता रस्ता. 70 मैलांवर, 26 इंची टायर आणि टी-5 चा 0.68 ओव्हरड्राइव्ह: 3.73 वर 2,294 आरपीएम, 4.10 वर 2,522. दोन्ही सहज चालतात. तीच गाडी सी-4 ची, ओव्हरड्राइव्हशिवाय, 4.10 वर 3,709 आरपीएम. अर्ध्या तासात कान भणभणतील. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या आणि हायवेवर चालणाऱ्या गाडीला मी 3.55 च्या वर जाऊ देत नाही, मग ट्रॅकवर दशांश-दोन दशांश गेले तरी.

आणखी एक गोष्ट कॅटलॉग सांगत नाहीत. आकडा वाढला की पिनियन लहान होतो आणि एका वेळी कमी दात पकडीत राहतात. 4.56 चा पिनियन 3.55 च्या पिनियनपेक्षा कमकुवत असतो. गरज नसताना वर जाऊ नका.

आणि रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. गिअरबॉक्समधला प्लॅस्टिकचा छोटा गिअर बदलायचं त्याच दिवशी यादीत लिहा.

## 5. शाफ्ट, आणि तो कशाने अडकवलाय

मूळ 8.8 मध्ये शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने (सी आकाराच्या छोट्या कडीने) अडकवलेला असतो. याचा अर्थ नीट समजून घ्या: क्लिपच्या बाहेर कुठेही शाफ्ट तुटला तर त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि चाक शाफ्टच्या तुकड्यासकट गाडीबाहेर निघून जातं.

म्हणूनच एनएचआरएचा (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेचा) नियम आहे: पाव मैलात 10.99 सेकंद किंवा त्याहून जलद, म्हणजे मैलाच्या आठव्या भागात 6.99, गेलात की आफ्टरमार्केट शाफ्ट आणि शाफ्ट बाहेर येऊ न देणारी व्यवस्था सक्तीची. डिफ पूर्ण लॉक केलेला असेल, म्हणजे स्पूल असेल, तर गाडी कितीही मंद असली तरी सक्तीची. पोरं स्पूल स्वस्त म्हणून घेतात आणि तपासणीच्या रांगेत हा नियम कळतो.

व्यवस्था दोन प्रकारची. एक सी-क्लिप एलिमिनेटर किट, बोल्टने बसणारं. ट्रॅकवर चांगलं. रस्त्यावर रोज वळणं घेणाऱ्या गाडीत त्यातून तेल झिरपण्याच्या तक्रारी येत राहतात. दुसरी, हाऊसिंगची टोकं कापून तिथे फोर्डच्या 9 इंची ॲक्सलची टोकं वेल्ड करणं आणि शाफ्टला दाबून बसवलेले बेअरिंग घेणं. खर्च जास्त, वेल्डिंगला जिग लागतं, पण गाडी रस्त्यावर चालणार असेल तर मी हेच करायला सांगतो.

स्प्लाइनचं गणित असं. पिळाला शाफ्ट किती टिकतो ते व्यासाच्या घनावर अवलंबून असतं. 28 स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे 1.2 इंच, 31 चा 1.32, 35 चा 1.5. व्यास दहा टक्के वाढला तर ताकद तेहतीस टक्के. म्हणून 28 वरून 31 वर जाणं ही पैशाच्या मानाने सगळ्यात मोठी उडी आहे. 35 वर गेलात की 8.8 मध्ये डिफचे पर्याय कमी होतात, आणि बहुतेकांना स्पूलच घ्यावा लागतो. चिकट टायर आणि बारा-साडेअकरा सेकंदांची रस्त्यावरची गाडी असेल तर चांगल्या पोलादाचे 31 पुरतात.

सावधान: डिफ आणि शाफ्ट एकाच दिवशी, एकाच यादीतून मागवा. स्प्लाइनचा आकडा दोन्ही पावत्यांवर समोरासमोर ठेवून वाचा.

## 6. आता डिफ निवडा

इथपर्यंत प्रामाणिकपणे आलात तर पर्याय आपोआप गळून पडलेले असतील.

ओपन ठेवायचा तर ट्रॅकवर जाऊ नका. एक चाक जळेल.

क्लच प्लेटचा लिमिटेड स्लिप, फोर्डचा ट्रॅक-लॉक याच जातीचा. शांत, पावसात सभ्य, दुरुस्त करता येणारा. प्लेटा झिजतात, पण नवा संच स्वस्त मिळतो. जुना ट्रॅक-लॉक फेकण्याआधी तपासा: गिअरबॉक्स न्यूट्रल, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, उचललेल्या बाजूला टॉर्क रेंच लावून फिरवा. 20 फूट-पाउंडच्या आत फिरलं तर प्लेटा संपल्या. प्लेटा बदलताना नव्या आधी फ्रिक्शन मॉडिफायरमध्ये भिजवा. कोन पद्धतीचे लिमिटेड स्लिपही मिळतात, मात्र कोन झिजल्यावर घरी दुरुस्ती होत नाही, हे धरून किंमत ठरवा.

हेलिकल गिअरचा, म्हणजे टॉर्सन किंवा ट्रूट्रॅक. झिजायला प्लेटा नाहीत, मॉडिफायर लागत नाही, रस्त्यावर सगळ्यात गोड. त्याचा दोष एकच आणि ट्रॅकवर तो दिसतो: एक चाक हवेत गेलं किंवा पूर्ण सुटलं की दुसऱ्याला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही, कारण तो कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कला गुणतो आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. सुटताना गाडी तिरकी उचलली जात असेल तर आधी सस्पेन्शन बघा. रोज चालणारी आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर माझी पहिली निवड हीच.

लॉकर, डेट्रॉइट लॉकरसारखा. सरळ रेषेत दोन्ही चाकं बांधलेली, वळणात बाहेरचं सुटतं. भरवशाचा आहे, पण वळणात ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की खटका बसतो आणि मागचा भाग सरकतो. फॉक्सचा व्हीलबेस जेमतेम 100 इंचांचा, त्यामुळे हे सरकणं जास्त जाणवतं. मॅन्युअल असेल तर आणखी. पावसात दुसऱ्या कुणाला गाडी देऊ नका.

स्पूल म्हणजे डिफ नाहीच, दोन्ही शाफ्ट एका लोखंडाला. हलका, स्वस्त, मजबूत. वळणात टायर घासतात, शाफ्ट प्रत्येक वळणात पिळतात आणि थकतात. ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीसाठी उत्तम. रस्त्यावरच्या गाडीत मी बसवणार नाही. मिनी स्पूल तर कुठेच नको, तो मूळ केसमध्येच (डिफच्या कवचातच) बसतो आणि मूळ केस हीच कच्ची कडी असते.

आणि स्पायडर गिअर (डिफमधले छोटे गिअर) वेल्ड करून डिफ लॉक करायचा जुगाड? एनएचआरएत कोणत्याही वर्गात चालत नाही. विषय बंद.

लॉकर किंवा स्पूल घेताना एक ध्यानात ठेवा. एक चाक सुटलं तर सगळा टॉर्क एकाच शाफ्टवर येतो. तिसऱ्या टप्प्यातले 5,100 फूट-पाउंड तिथे निम्मे-निम्मे वाटले जात नाहीत. म्हणून लॉक होणारा डिफ आणि मूळ 28 स्प्लाइनचे शाफ्ट ही जोडी कधीच लावू नये.

तपासा: 8.8 आणि फोर्ड 9 इंचीत कोणत्याही रेशोला तोच केस चालतो. जीएम 12 बोल्ट आणि डाना 60 या दुसऱ्या ॲक्सलमध्ये तसं नाही. डाना 60 चा केस 4.10 पर्यंत एक आणि 4.56 पासून दुसरा. म्हणून त्या गाड्यांत रेशो ठरल्याशिवाय डिफ मागवूच नये.

## 7. 8.8 ठेवायचं की 9 इंची

चर्चा फार होते, निर्णय सोपा आहे. दहा सेकंदांच्या आत जायचं नसेल आणि हाऊसिंग सरळ असेल तर 8.8 ठेवा. नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या आणि ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात. चिकट टायरवर त्या फिरतात. त्या पूर्ण गोल वेल्ड करून घ्या, पण ओतीव लोखंड आधी तापवून आणि निकेल रॉडने, जाणकार माणसाकडून. तिथे साधा रॉड चालवला की तडा जातो.

9 इंचीत पिनियनला तिसरं बेअरिंग आहे, सी-क्लिप नाही, आणि क्राऊन-पिनियनचा अख्खा भाग पुढून काढता येतो, म्हणजे दोन रेशोचे दोन भाग तयार ठेवता येतात. जड आहे, आणि पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या जास्त खाली असल्यामुळे घर्षणात थोडी जास्त ताकद खातो. फॉक्सला बोल्टने बसणारी तयार 9 इंची हाऊसिंग मिळतात. 8.8 वर वेल्डिंग, टोकं, शाफ्ट, कव्हर, डिफ असा सगळा खर्च लिहून बेरीज करा. बेरीज तयार 9 इंचीच्या जवळ आली तर पुढे विचार करू नका.

## 8. गिअरचं पोलाद

दुकानात "प्रो" लिहिलेला क्राऊन-पिनियन दिसला की हात तिकडेच जातो. प्रो गिअर 9310 पोलादाचे असतात. ते मऊ असतात, झटका खातात आणि तुटत नाहीत, पण रस्त्यावर भराभर झिजतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला वरून कडक केलेले साधे स्ट्रीट गिअर घ्या. महाग म्हणजे चांगलं, हे इथे लागू नाही.

## 9. जुळवणी

हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणकार शेजारी हवा, किंवा हाऊसिंग काढून दुकानात न्या. क्रम असा:

1. कव्हर उघडा, तेल काढा. डिफमधल्या आडव्या पिनचा लॉक बोल्ट काढा. हा बोल्ट तुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, हळू घ्या. पिन काढल्यावर शाफ्ट आत ढकला आणि सी-क्लिप काढा. पिन बाहेर असताना शाफ्ट फिरवू नका, स्पायडर गिअर गळून पडतात.
2. बेअरिंग कॅपवर डावं-उजवं आणि वर-खाली खूण करा. त्यांची अदलाबदल चालत नाही. बाजूच्या शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) ज्या त्या बाजूला ठेवा, जाडी मोजून लिहा.
3. नवा क्राऊन डिफवर बसवताना नवे बोल्ट आणि लाल थ्रेड लॉकर, समोरासमोर कसत 70 ते 85 फूट-पाउंड. (जीएम 10 आणि 12 बोल्टवाल्यांनो, तुमच्या क्राऊनच्या बोल्टांचे आटे उलटे असतात.)
4. पिनियनची खोली. सुरुवात जुन्या पिनियनखालच्या शिमनेच करा. 8.8 मध्ये जाड शिम पिनियनला क्राऊनकडे ढकलते. 9 इंचीत शिम वेगळ्या जागी असते आणि जाड शिम पिनियनला दूर नेते. दोन्हींवर काम करणारे इथेच गोंधळतात.
5. बॅकलॅश, म्हणजे क्राऊनचा प्ले, डायल गेजने चार ठिकाणी मोजा. फोर्डचं माप 0.008 ते 0.015 इंच. नव्या गिअरच्या खोक्यातला कागद वेगळं सांगत असेल तर कागद खरा.
6. दातांना पिवळं रंगद्रव्य लावून खुणा बघा. खूण दाताच्या मुळाशी खोल उतरली तर पिनियन जास्त जवळ, टोकाशी गेली तर जास्त दूर. खूण उंचीत मधोमध यायला हवी. इथे घाई करून "चालेल" म्हणणाऱ्याचा गिअर महिन्याभरात रडायला लागतो.
7. खूण जमल्यावरच क्रश स्लीव्ह (दबून बेअरिंगवर ताण बसवणारी नळी) घाला. पिनियनचा नट किमान 140 फूट-पाउंड मागतो. नव्या बेअरिंगवर फिरवायला 16 ते 29 इंच-पाउंड लागले पाहिजेत, जुन्यावर 8 ते 14. जास्त कसला गेला तर नट सैल करून भागत नाही, स्लीव्ह दबली ती दबली. नवी टाका.

सावधान: चौथी ते सहावी पायरी करताना क्रश स्लीव्ह आत नको. एक जुनं बेअरिंग आतून घासून सैल करून ठेवा, म्हणजे शिम बदलताना दर वेळी प्रेस लागणार नाही.

आधाराचे बोल्ट असलेलं जाड कव्हर लावलंत तर ते बोल्ट बेअरिंग कॅपला टेकले की थांबा आणि कागदावरचा हलका टॉर्क द्या. पूर्ण जोर लावला तर कॅपच वाकतात.

हाऊसिंग गाडीत गेल्यावर पिनियनचा कोन मोजा. मूळ रबरी बुश असतील तर ताकद लागली की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवा. वरच्या आर्मचे फाटलेले बुश आणि उड्या मारणारी चाकं नवा ॲक्सल जुन्याइतकाच तोडतात.

स्लिक लावून 13.99 किंवा जलद धावायचं असेल तर प्रोपेलर शाफ्टला लूप (शाफ्ट तुटला तर खाली पडू न देणारी कडी) हवाच, पुढच्या क्रॉस जॉइंटपासून सहा इंचांच्या आत. ॲक्सल खाली उतरवलेला असतानाच तो बसवून घ्या, जागा मिळते.

## 10. तेल आणि पहिले 500 मैल

क्लच प्लेटचा डिफ असेल तर तेलासोबत 4 औंस फ्रिक्शन मॉडिफायर. तो विसरला की पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट ऐकू येते आणि लोक डिफ खराब आला म्हणून परत पाठवतात. हेलिकलला मॉडिफायर घालू नका.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं मध्यम वेगाने चालवा, मग गाडी बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. नवे गिअर पहिल्यांदा तापतात तेव्हा तेल जळायची भीती असते, म्हणून हे थंड होणं टाळू नका. हे दोन-तीनदा करा. 500 मैलांपर्यंत ट्रॅक नाही, ट्रेलर ओढणं नाही, मुद्दाम धूर काढणं नाही. 500 मैलांना तेल बदला. मॉडिफायर लागणारा डिफ असेल तर नव्या तेलातही तो पुन्हा घाला.

जुनं तेल काढताना चुंबकाला बोटावर पसरेल अशी राखाडी पूड लागली तर ठीक. टोचणारे चकचकीत कण निघाले तर कव्हर लावू नका, तिथेच थांबून दातांवरची खूण पुन्हा घ्या. ट्रॅकचं पहिलं सत्र झालं की पिनियन नटवर आणि फ्लँजवर आधी मारून ठेवलेली रंगाची रेघ बघा. रेघ सरकली असेल तर नट सैल होतोय, दुसरी फेरी मारू नका.